मुद्दामच आधी कळवलं नाही

प्रिय दिन्या,

आमच्या गॅरेजच्या दाराची स्प्रिंग तुटली. घरात या बातमीला काडीची किंमत नाही. गाडी आत अडकली एवढंच सगळ्यांना कळतं. तुला मात्र कुठली, किती जाडीची, कुठून तुटली, असे प्रश्न आत्ताच सुचायला लागले असणार, म्हणून हे पत्र. फोन केला नाही तो मुद्दाम. का, ते पुढे येईलच. मधले सगळे महिने गप्प होतो त्याच्या शिव्याही त्यातच घालून टाक.

आमचं बरं आहे. नानांचा गुडघा आहे तसाच, माझं बीपी गोळीच्या ताब्यात. पुढे.

तुटली ती मध्यरात्री. दार बंद, मोटर बंद, कुणी हात लावलेला नाही, आणि एकदम बार उडाल्यासारखा आवाज. चोर शिरला म्हणून नाना काठी घेऊन उठले. सकाळी बटण दाबलं तर मोटर कण्हली, दार वीतभर वर गेलं आणि थांबलं. सुऱ्याने उभ्या उभ्या निदान केलं: मोटर गेली. (काहीही बिघडलं की सुऱ्याच्या मते मोटरच गेलेली असते. ज्याला मोटर नाही त्याचीही.) मी मान वर करून दाराच्या वरच्या आडव्या दांड्याकडे पाहिलं, दोन्ही स्प्रिंगा त्याच्यावरच असतात, तर उजव्या हाताच्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये चांगली दोन इंचांची फट.

सुऱ्याला समजावता समजावता माझा घसा बसला. दार ऐंशी-नव्वद किलोचं. ते वजन मोटर उचलतच नाही, स्प्रिंगा उचलतात. मोटर नुसती ढकलते. आणि दार खाली असतं तेव्हाच स्प्रिंगला पीळ सगळ्यात जास्त असतो, वर जाईल तसा तो सुटत जातो. म्हणजे रात्रभर आपण गाढ झोपलेलो असतो तेव्हा ती दोन्ही हातांनी ताणून उभी. त्यात गारठा पडला की दमलेलं पोलाद तेवढ्यावरच जातं. सुऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण मोटरही एकदा दाखवून घे."

आता होस्टेलच्या गच्चीवरचं ते भांडण. 'धातू थकतो' हे तू पहिल्यांदा म्हणालास तेव्हा मी किती हसलो होतो, आणि तू किती दिवस बोलला नव्हतास, आठवतंय ना? तुझ्या त्या जर्मन इंजिनियर ऑगस्ट वोलरने रेल्वेचे अ‍ॅक्सल वर्षानुवर्षं छळून 1870 मध्ये मांडलंच होतं की एका वेळी सहज सोसणारा भार पुन्हा पुन्हा दिला तर पोलाद मोडतं. ते मी मान्य केलं होतं. 'ठरावीक ताणाच्या खाली ठेवलं तर ते कधीच थकत नाही' ही तुझी पुढची ओळ मात्र मी अजूनही कागदावरच ठेवतो. तसा ऐसपैस हिशेब धरून गॅरेजची स्प्रिंग कोण बनवतं? साधी स्प्रिंग धरलेली असते साधारण 10,000 फेऱ्यांना. एकदा उघडणं आणि एकदा मिटणं म्हणजे एक फेरी. दिवसाला 4 फेऱ्या धर: 2,500 दिवस, सात वर्षंही पुरी नाहीत. आणि आमच्या घरात पुढचं दार फक्त पाहुण्यांसाठी उघडतं, बाकी सगळी वर्दळ गॅरेजमधून. तेव्हा ती बिघडली नाही रे, तिचं बनवतानाच ठरलेलं आयुष्य भरलं. गंज चढला असता तर त्याआधीच गेली असती, कारण भेग पृष्ठभागावरून सुरू होते. म्हणून तर अधूनमधून वेढ्यांवर तेलाचा हलका हात फिरवायचा.

म्हणूनच दुरुस्तीवाला फोनवर "दोन्ही बदलू" म्हणाला तेव्हा मी हो म्हटलं. घरात लगेच कुजबूज, की हा लुबाडतोय. तुझी वहिनी म्हणाली, तुटलीय एक, पैसे दोघींचे का? पण दुसरीनेही तेवढ्याच फेऱ्या मारल्यात. ती आज धडधाकट दिसते एवढंच. मी उलट त्यालाच विचारलं, 25,000 फेऱ्यांची मिळेल का? ती काही जादूची नसते. तार जाड, स्प्रिंग लांब. वजन तेवढंच उचलायचं, पण पोलादावर ताण कमी. दांड्यावर जागा आहे का तेवढं बघावं लागतं. आमच्याकडे आहे.

मापं मीच काढली, आणि त्यात जी मजा आली ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू? तुटलेलीच मोजली. शाबूत स्प्रिंग पिळलेली असते, आणि दर पिळाला ती एका तारेच्या जाडीइतकी लांबते. 20 वेढे भरले बरोबर 5 इंच, म्हणजे तार पाव इंची. आतून व्यास 2 इंच. आता सात फुटी दाराला साधारण साडेसात पीळ देतात. साडेसात गुणिले पाव, जवळजवळ दोन इंच. ती फट कुठून आली कळलं? पीळ सुटल्याबरोबर स्प्रिंग आपल्या मूळ लांबीवर गेली आणि वाढीव लांबी मध्ये मोकळी राहिली! मी शिडीवर उभा राहून मोठ्याने हसलो. खालून नाना म्हणाले, "पडशील."

पिळाची दिशाही बघितली. उजव्या पिळाची स्प्रिंग आतून बघताना सहसा डाव्या हाताला बसते, आणि ओळखायला तिचा कोन (म्हणजे टोकाला बसवलेला शंकूसारखा धातूचा तुकडा, पीळ त्यातूनच देतात) लाल रंगवलेला असतो, डाव्या पिळाचा काळा. रंग बहुधा तुझ्यासारख्यांसाठीच काढले असावेत.

एवढं सगळं झाल्यावर हात शिवशिवणार नाहीत तर काय? मापं माहीत, दिशा माहीत, कृती पाठ. आणि इथेच माझं घोडं अडलंय. रात्री पडल्या पडल्या मी मनातल्या मनात पीळ देत असतो. कोनाला चार भोकं. अर्ध्या इंचाचे दोन भरीव पोलादी रॉड. एक आत घालायचा, पाव फेरा वर न्यायचा, धरून ठेवायचा. दुसरा पुढच्या भोकात घालायचा, भार त्याच्यावर घ्यायचा, मग पहिला काढायचा. असं तीसदा. मधल्या प्रत्येक क्षणी त्या स्प्रिंगचा अख्खा जोर एका रॉडवर आणि तुझ्या मनगटावर. पंचविसाव्या खेपेला रॉड निसटला तर तो जबडा, दात, बोटं, काय नेईल ते नेईल. सुऱ्या म्हणाला, रॉड कशाला, दोन मोठे स्क्रू ड्रायव्हर घे. त्याला मी हाकलून दिलं. निमुळती गोष्ट त्या भोकात सैल बसते आणि सैल बसलेलीच निसटते. (तू स्क्रू ड्रायव्हरने खिळे ठोकायचास हे मी त्याला सांगितलेलं नाही. घराची अब्रू घरात.)

खरी गोम पुढेच आहे. मला कळत नाही की मी थांबलोय तो शहाणपणाने की घाबरून. पूर्वी हा प्रश्नच पडला नसता. मिक्सरच्या वेळी पडला नाही, तुझ्या काकांच्या स्कूटरच्या वेळी पडला नाही, आणि त्या पंख्याच्या वेळी पडायला हवा होता. पण तेव्हा आपण दोघं होतो, आणि एकाला भीती वाटली तर ती दुसऱ्याला दिसू नये म्हणून दोघंही पुढे जायचो. तुला फोन केला असता तर तू पहिल्याच वाक्यात म्हणाला असतास, "मी येतो, कुणाला बोलावू नकोस." आणि खरंच रॉड घेऊन दारात हजर झाला असतास. मग मी नाही म्हटलंच नसतं. म्हणून आधी माणूस ठरवला आणि मग कागद घेतला. चिडलास तर चीड. पोटावर बिबा घालायची पाळी आली असती तरी तू मागे हटला नसतास, ते मला पक्कं ठाऊक आहे.

माझं मत आता असं: तपासणं, मोजणं, भाव करणं, तेल देणं सगळं आपण करावं. पीळ मात्र ज्याचे हात रोज देतात त्याने द्यावा. हे लिहितानाही थोडं झोंबतंय.

तुझं काय? बदली झाली की टळली? चिमीचा निकाल लागला असेल, पेढ्यांचं राहू दे, मार्क कळव. वहिनींच्या क्लासचं ऐकलं, छान झालं.

तुझा,
मन्या

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि तेवढ्यात तो माणूस येऊन गेला. तासाभरात दोन्ही बसवल्या. आधी दार वर उसळू नये म्हणून रुळावर पकड आवळली. नव्या स्प्रिंगवर लांबीभर रंगाची एक सरळ रेघ असते; तो पीळ देत गेला तशी ती स्प्रिंगभोवती गुंडाळत गेली, आणि शेवटी किती पीळ बसले ते रेघेवरून खालूनच मोजता आलं. तो पूर्ण वेळ कोनाच्या समोर नाही, बाजूला उभा होता. जुनी शाबूत स्प्रिंग उतरवतानाही तेवढीच काळजी, तिथे तर सगळा जोर अजून शिल्लक होता.

आता तुझ्या दाराचं. घर घेतल्यापासूनच्या त्याच स्प्रिंगा आहेत ना? दार बंद असताना लाल दोरी ओढून मोटर सोडव. दार वर असताना ओढू नकोस, स्प्रिंग गेलेली असली तर अख्खं दार खाली येईल. मग हाताने अर्ध्यावर उचल आणि सावकाश सोड, पाय खाली ठेवू नकोस. जागच्या जागी थांबलं तर ठीक, खाली ओढ घेतली तर स्प्रिंगा दमल्या. आणि तुझ्याकडच्या स्प्रिंगा वरच्या रुळांना समांतर ताणलेल्या असतील तर त्यांच्या पोटातून सुरक्षेची केबल गेलीय का बघ. नसेल तर तुटलेला तुकडा गॅरेजभर उडेल. लांब उत्तर लिहायचा कंटाळा आला तर दार थांबलं की पडलं, तेवढं एका ओळीत कळव.