विषय: आर्म वॉरंटीत आहे, पण बुश नाही, हा हिशोब लेखी द्यावा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आजच झाला. यापुढे फोन नाही, जे काय ते कागदावर. गाडी तुम्हीच बनवलीय, त्यामुळे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोअर आर्म आणि त्याच्या सांध्यात बसणारा रबरी बुश म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. बिल, जॉब कार्ड आणि गाडीचा नंबर सोबत जोडलाय.

मे महिन्यात तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पुढचे दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंग चाकाला जोडणारे सांधे) बदलून घेतले. खरं तर मी फक्त बुश बदला म्हणालो होतो. डावीकडच्या आर्मचा मागचा मोठा बुश फाटला होता, आर्मला काही झालेलं नव्हतं. तुमचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "सर, कंपनी बुश सुटा देत नाही. आर्मची अख्खी असेंब्लीच घ्यावी लागते." घेतली. दोन्ही बाजूंची एकदमच बदलू म्हणाला, तेही ऐकलं. (आधी तो स्टिअरिंग रॅकच बदलायला निघाला होता. रॅक ठणठणीत आहे, आजही.) सुट्या भागांवर सहा महिने किंवा 10,000 किलोमीटर वॉरंटी, हे तुमच्याच बिलाच्या मागे छापलंय.

दसऱ्याला चिपळूणला निघालो. कोयनानगर सोडून कुंभार्ली घाट उतरायला लागलो आणि प्रत्येक ब्रेकला गाडी डावीकडे ओढायला लागली. खड्ड्यात चाक गेलं की खालून तोच जुना 'कट्' आवाज. कुंभार्लीच्या वळणांवर, समोरून ट्रक येत असताना, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हातातून सरकतं म्हणजे काय, हे तुमच्या ऑफिसातल्या एकाने तरी अनुभवावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

परत आल्यावर गाडी तुमच्याच सेंटरला नेली. जॉब कार्डवर शेरा काय, तर "नॉर्मल". मग आमच्या कराडातल्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने गाडी उचलली, आर्म आणि तो जिथे बसतो त्या सबफ्रेमच्या मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घातली आणि नुसता दाब दिला. बुशचं रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटून बोटभर उघडलं. नवा आर्म, वर तुमचं स्टिकर अजून चकचकीत, आणि बुश फाटलेला! तो म्हणाला, "काका, हा लिफ्टवर चाक लोंबकळत असतानाच आवळलाय. गाडी चाकांवर उभी करून, वजन घेऊन मग बोल्ट टाईट करायचा असतो. नाहीतर गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलंच राहतं, प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. किती दिवस टिकणार?" ही गोष्ट पत्र्याच्या शेडमधल्या माणसाला माहीत आहे. तुमच्या ट्रेनिंग घेतलेल्या, युनिफॉर्मवर नाव शिवलेल्या टेक्निशियनला माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. घाई होती, एवढंच. नाहीतर नवा बुश सहा महिन्यांच्या आत कसा फाटला, ते तुम्हीच सांगा.

आता आजचा फोन. बराच वेळ बासरी ऐकवल्यावर "टेक्निकल टीम"मधले एक गृहस्थ आले. संभाषण जसंच्या तसं देतो, कारण असं काही मी आजवर ऐकलं नव्हतं.

"आर्म वॉरंटीत आहे का?" मी.
"हो सर, आर्म वॉरंटीत आहे."
"मग बदलून द्या."
"सर, रिपोर्टप्रमाणे आर्म ओके आहे. बुश खराब आहे. बुश रबर पार्टमध्ये येतो. रबर पार्टला वॉरंटी नसते सर."
"बरं, मग मला बुश द्या. पैसे देतो."
"सर, बुश सुटा येत नाही. तो आर्मचाच भाग आहे."

मी थांबलो. म्हटलं, आपण काय बोललो ते या माणसाला आत्ता कळेल. नाही कळलं. मी विचारलं, "म्हणजे विकताना बुश आर्मचा भाग, आणि भरून द्यायची वेळ आली की वेगळा?" त्यावर, "सर, मी आपली गैरसोय समजू शकतो." मग की-बोर्डची टकटक, आणि एकदम आवाज खुलला. "सर, गाडी 2009 ची दिसतेय. इतक्या जुन्या गाडीत आवाज थोडेफार येणारच ना सर? सध्या एक्स्चेंज बोनस चालू आहे. सेल्सला कॉल करायला सांगू का?"

नको म्हणालो. स्पष्ट मराठीत. तरी अर्ध्या तासात सेल्सचा फोन आला! तक्रारीसाठी "चोवीस तासांत कॉलबॅक" मागून मागून घसा बसला, तो कधी आला नाही. नंतर मेसेज आला: आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे, कृपया रेटिंग द्या.

गाडी जुनी आहे हे मला माहीत आहे. 2024 मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा पर्यावरण कर भरून, आरटीओत गाडी दाखवून पुढच्या पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन मीच करून घेतलंय. पण बुश 2009 चा नाही. तो यंदाच्या मे महिन्यातला आहे.

आणि अलाइनमेंट. बिलात व्हील अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे, पैसे वेगळे लावलेत. टाय रॉड एंड बदलल्यावर ते करावंच लागतं, तक्रार त्याबद्दल नाही. पण गाडी ताब्यात मिळाली त्या दिवसापासून सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहतं. आधीचं आणि नंतरचं रीडिंग मागितलं तर "प्रिंटर बंद आहे". आज पुढच्या डाव्या टायरची आतली कड इतकी खाल्ली गेलीय की तिथे नक्षीच उरली नाही. तो टायर काय वयाने झिजला? आर्म वॉरंटीत, बुश नाही, तसं टायरमध्येही आतली कड आमच्याकडे येत नाही असं सांगणार का?

भावाला आणि मेहुण्याला तुमचीच गाडी मी घ्यायला लावली. आता घरात त्यावरून ऐकून घेतोय.

डावा आर्म बदलून द्या, तोही गाडी चाकांवर उभी करून, माझ्या समोर आवळलेला. अलाइनमेंट पुन्हा करा, प्रिंटसकट. पुढचा डावा टायर भरून द्या. यातलं काही जमत नसेल तर बुश रबर पार्ट आहे की आर्मचा भाग, यातलं एक काहीतरी कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह लिहून पाठवा. दोन्ही एकदम नको.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवून साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथे दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तेव्हा "हेड ऑफिस लांब आहे" हे ऐकवू नका. यायचं तुम्हाला आहे.

आणि सेल्सच्या त्या मुलाला सांगा, आज पुन्हा दोनदा फोन आला त्याचा.

तुमचा अजूनतरी ग्राहक,
कराड, जि. सातारा

सोबत: बिलाची दोन्ही बाजूंची प्रत, "नॉर्मल" शेऱ्याचं जॉब कार्ड, फाटलेल्या बुशचा आणि टायरचा फोटो, निराकरण झाल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट.