कबड्डीपटूंचा तोल आणि डुगडुगती फळी

महोदय,

अलीकडे तालुक्याच्या कबड्डी शिबिरांतही ‘बोसू बॉल’ हा रबरी अर्धगोल दिसू लागला आहे. आपल्या प्रशिक्षकांना तोलाच्या सरावाचे महत्त्व पटले, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र एका शिबिरात पंधरा-सोळा वर्षांची मुले खांद्यावर वजनाचा दांडा घेऊन या अर्धगोलावर बैठका मारताना पाहिली आणि काळजी वाटली.

पायाखालचा आधार हलू लागला की शरीर आधी स्वतःला सावरते. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात आणि जमीन रेटायला जोर उरत नाही. पकडीतून सुटून मध्यरेषेकडे झेपावण्याची ताकद घट्ट जमिनीवरच्या बैठकांतून आणि उड्यांतूनच येते. मल्लखांबातही मूल आधी पुरलेल्या खांबावर तयार होते, टांगता खांब नंतर येतो.

कबड्डीत तोलाची खरी कसोटी बोनस रेषेवर लागते. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना एक पाय रेषेपलीकडे टेकवायचा, त्या वेळी दुसरा पाय अधांतरी हवा, आणि पुढे झुकलेल्या त्याच अवस्थेतून कोपरारक्षकाच्या हाती न लागता मागे फिरायचे. म्हणून एका पायावर उडी घेऊन त्याच पायावर स्थिर उतरणे, सोबत्याने खांद्याला धक्का दिल्यावर सावरणे, हा सराव मॅटवर, खेळाच्याच हालचालींत व्हायला हवा. अशा अर्धगोलावर किंवा डुगडुगत्या फळीवर (खाली गोलाकार टेकू असलेल्या तोलाच्या फळीवर) कमावलेला तोल आपोआप चढाईत उतरत नाही.

डुगडुगत्या फळीचा उपयोग आहे, तो मुरगळलेल्या घोट्यासाठी. दुखणे थांबले की मुलगा मैदानात परततो, पण पाऊल कुठे आणि कसे टेकते आहे याची सांध्यातली जाणीव तोवर पूर्ववत झालेली नसते, आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. अशा मुलांसाठी फळीवरचा किंवा साध्या एका पायावर उभे राहण्याचा नियमित सराव कित्येक आठवडे चालू ठेवणे अत्यंत गरजेचे आहे, आणि नेमका तोच टाळला जातो.

शिबिरांच्या आयोजकांना माझी विनंती आहे की, नवी साधने घेण्यापूर्वी गेल्या हंगामात घोटा दुखावलेल्या मुलांची यादी करावी, त्यांच्यासाठी रोज दहा मिनिटे राखून ठेवावीत, आणि वजनाच्या बैठका तेवढ्या त्या अर्धगोलावरून जमिनीवर आणाव्यात.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली