बाई, तुम्ही वाद्य थांबवलंत

बाई,

आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला बाई म्हणतात. तुम्ही शाळेत चिनी शिकवायचात हे फोनवरच्या भाषांतरातून कळलं, तेव्हापासून मनात हीच हाक आहे. नाव विचारायचं राहिलं. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.

मी कोकणातला. उधाणाचं पाणी खाडीत कसं गुपचूप चढतं ते लहानपणापासून पाहत आलोय. चीनमधल्या छिएनथांग नदीत मात्र भरती भिंतीसारखी उभी येते. तिच्या मुखाशी हांगचौचा उपसागर नरसाळ्यासारखा निमुळता, त्यात समुद्र दाटतो आणि नदी उलटी धावू लागते. फान लांग या जुन्या चिनी कवीच्या कवितेत त्या लाटेच्या माथ्यावर पोहणारे उभे राहतात, हातातली लाल निशाणं भिजू देत नाहीत. ती वाचल्यापासून मी पैसे साठवत होतो. भरती सर्वांत जोरात असते ती चिनी आठव्या महिन्याची अठरावी तिथी गाठली. आणि ज्यांना पैसे मोजले त्या सहलवाल्यांनी हायनिंगमधल्या यानक्वानच्या बांधावर आणून सोडलं, तेव्हा लाट जाऊन तास झाला होता. "पाणी तेच आहे, फोटो काढा," म्हणाले. त्याचा राग अजून गेलेला नाही. जे दाखवायला आणलंय त्याबद्दल इतकी बेफिकिरी!

गाडी गेली, मी बसून राहिलो. तुम्ही शेजारी आलात आणि माझ्या वहीत कवी सू शीच्या ओळी लिहिल्यात. त्यानं हांगचौला अधिकारी असताना, १०७३ साली लिहिलेल्या: वेशीच्या दरवाजांना कुलपं घालू नका, रात्रीची भरती चांदण्यात पाहायची आहे. भरती दोनदा येते हे कोकणातल्या माणसाला कुणी सांगावं लागू नये; पण त्या संतापात मला ते सुचलंच नव्हतं.

तुम्ही घरून जेवण आणलंत, मध्यरात्र उलटेपर्यंत माझ्यासोबत थांबलात. अनोळखी, भाषाही न कळणाऱ्या माणसासाठी. अशी माणसं आहेत म्हणून परक्या मुलखात पाऊल टाकायचा धीर होतो.

पण मला सारखं आठवतं ते वेगळंच. तुमच्या छोट्या रेडिओवर कुठलंसं तंतुवाद्य लागलं होतं. ऐन रंगात आलेलं असताना तुम्ही ते बंद केलंत आणि माझ्या मनगटावर हात ठेवलात. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग अंधारातून, खूप लांबून, घरघर आली. तेव्हा कवी मंग हाओरान आठवला. शंभर ली (ली म्हणजे सुमारे अर्धा किलोमीटर) अंतरावरून गडगडाट कानी येतो आणि तारा छेडणारा हात क्षणभर थांबतो, असं त्यानं छिएनथांगच्या अधिकाऱ्यासोबत भरती पाहताना लिहिलंय. ती ओळ मी पाठ केली होती. तुम्ही ती माझ्यासमोर करून दाखवलीत, एक शब्द न बोलता.

मग ती पांढरी रेघ आली, चांदण्यात, या काठापासून त्या काठापर्यंत. अंगावर काटा आला. तुम्ही लाटेकडे नाही, माझ्याकडे पाहत होतात.

आवाज पार विरल्यावरच तुम्ही रेडिओ पुन्हा लावलात.

तुमचा,
त्या रात्री बांधावर शेजारी बसलेला