कृतींमध्ये वाटी-चमच्यांबरोबर ग्रॅमही द्या

संपादक महोदय,

स. न. आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती मसाल्यांच्या, पिठांच्या कृती येतात, त्या मी कापून ठेवते. त्यांच्याबद्दल एक विनंती आहे. पण त्याआधी माझा हिशोब सांगते, कारण विनंती त्यातूनच आली आहे.

एका शाळेत मी ३१ वर्षे हिशेब सांभाळले. निवृत्त झाल्यावर, गेल्या गुढीपाडव्यापासून, घरी केलेल्या प्रत्येक जिन्नसाचा खर्च वहीत मांडायला लागले. घरात आम्ही पाच माणसे. घरचे ते स्वस्तच, असे आपण सगळे धरून चालतो, पण वही तसे म्हणत नाही.

जीरावनात, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्यात, मात्र पैसे वाचतातच. इंदुरात पोह्यांवर जीरावन नसेल तर पानावरून माणूस उठेल! पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. आम्ही आणत होतो त्या पाकिटावर पहिलेच नाव मिठाचे होते. म्हणजे मसाल्याच्या भावाने आम्ही मीठ घेत होतो. आता सियागंजच्या बाजारातून धणे, जिरे, बडीशेप, आमचूर, सुंठ, काळे मीठ, मिरची आणि थोडा खडा मसाला आणते, धणे-जिरे मंद आचेवर भाजते आणि मिक्सरवर काढते. साडेपाचशे ग्रॅमला १५५ रुपये पडले. तेवढीच पाकिटे घेतली असती तर साडेतीनशे गेले असते.

तूपही परवडते. रोज दीड लिटर दूध लागतेच, आणि साय नातवंडे कपातून बोटाने बाजूला काढतात. दहा दिवसांची साय विरजून घुसळली की चारशे ग्रॅमच्या आसपास तूप निघते, वर ताक मिळते ते वेगळेच. लोणी तीन पाण्यांनी धुवायचे, पांढरट पाणी निघायचे थांबेपर्यंत. कढवताना मी कानाने लक्ष ठेवते. आधी तडतड मोठी असते, मग बारीक होते, आणि लोण्यातले पाणी संपले की कढई गप्प होते. त्याच क्षणी गॅस बंद करून विड्याचे पान टाकते. आणखी दोन मिनिटे राहिले तर बेरी जळते आणि तुपाला करपट वास लागतो. गार झालेले तूप रवाळ दिसले की मला अजूनही समाधान वाटते. बेरीत साखर घालून ती नातवंडांना देते, तिच्यासाठी भांडणे होतात.

शेव मात्र मी घरी करणे सोडले. कढईत उरलेले तेल, गॅस आणि माझी दुपार धरली तर घरची लवंग शेव दुकानापेक्षा महाग पडली. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. आपल्या गावात चांगली शेव गल्लोगल्ली मिळते, ती खुशाल आणावी.

आता मेतकुटाचे सांगते. सासूबाईंच्या वहीत कृती आहे, ‘हरभरा डाळ तीन वाट्या, मेथ्या दोन चमचे’ अशी. पण ती वाटी कोणती आणि चमचा कोणता? मी रोजच्या वापरातला मोठा चमचा घेतला. भाजणी चक्कीवरून दळून आणली, गरम भातावर तूप-मेतकूट घातले, आणि पहिल्याच घासाला नातीने तोंड वाकडे केले. किलोभर मेतकूट कडूजहर! पावणेदोनशे रुपये आणि दोन दिवसांची मेहनत गेली, जीरावनात वाचवले होते ते जवळजवळ सगळे तिथे बुडाले. नंतर बडोद्याच्या जाऊबाईंना फोन केला. सासूबाईंची पितळी वाटी वाटणीत त्यांच्याकडे गेली आहे. त्यांनी ती डाळीने शिगोशीग भरून वाण्याकडे तोलून घेतली. १९० ग्रॅम भरली. आणि चमचा मिठाच्या सटातला, म्हणजे मिठाच्या भांड्यातला छोटा होता, हे त्यांनाच आठवत होते. त्या नसत्या तर मी कोणाला विचारणार होते?

इंदुरातल्या आपल्या मराठी घरांमध्ये अशा किती वह्या असतील! त्या लिहिणाऱ्या बायकांपैकी ज्या आज आहेत, त्यांच्या वाट्या आणि चमचे आत्ताच तोलून घेतले पाहिजेत. म्हणून विनंती अशी, की पुरवणीतल्या प्रत्येक कृतीत वाटी-चमच्याशेजारी ग्रॅम छापावेत, आणि वाचकांकडूनही घरोघरची प्रमाणे तोलून मागवावीत. महिन्याचे पैसे मोजून खर्च करणाऱ्या घरात एक घाणा बिघडला तर ती बाई पुन्हा त्या वाटेला जात नाही, थेट पाकीट आणते.

सुरुवात माझ्यापासून करा. मेतकुटासाठी हरभरा डाळ ५०० ग्रॅम, तांदूळ आणि उडीद डाळ २००-२०० ग्रॅम, गहू १०० ग्रॅम, धणे आणि जिरे ३०-३० ग्रॅम, मोहरी, सुंठ आणि हळद प्रत्येकी १० ग्रॅम, हिंग ५ ग्रॅम, अर्धे जायफळ. धान्ये आणि डाळी वेगवेगळ्या, खमंग भाजाव्या. मेथ्या १० ग्रॅम, त्याहून एक दाणाही जास्त नको.

आपली नियमित वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर