बाबा, जकात कोण भरतं?

एडिसन, न्यू जर्सी
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा मी चिडून मध्येच फोन ठेवला, त्याबद्दल आधी माफी मागते. बाबा, तुम्हाला हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला राग पटकन येतो. यात ट्रम्पचं काही बिघडलं नाही, तुमची सकाळ आणि माझी रात्र तेवढी गेली. म्हणून लिहून पाठवते आहे. शेजारच्या मुलाला सांगून मोठ्या अक्षरात छापून घ्या, म्हणजे चष्मा शोधत बसायला नको.

तुमचं म्हणणं असं, की माणूस धडाडीचा आहे, स्वतःच्या देशाचं बघतोय. आपल्या मालावर ५० टक्के लावले हे आपल्यासाठी वाईट, पण त्यांच्या लोकांचा तर फायदाच झाला ना? बाबा, हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. तुम्ही म्हणालात म्हणून टोचलं. तुमचा सगळा जन्म जकात नाक्यावर गेला. मुंबईहून साबणाचा ट्रक आला की तुम्ही पावती कोणाच्या नावाने फाडायचात? साबण बनवणाऱ्या कंपनीच्या, की माल मागवणाऱ्या सोलापूरच्या व्यापाऱ्याच्या? आणि तो व्यापारी ते पैसे कुठून काढायचा? आई मंगळवार पेठेतून साबण आणायची तेव्हा तिच्या पाकिटातून. टॅरिफ म्हणजे दुसरं काही नाही, जकातच. इथला नाका बंदरावर आहे इतकंच.

माझं काम तुम्हाला कधी नीट समजावून सांगितलं नाही, ते आता सांगते. आमचं ऑफिस बाहेरून टॉवेल, चादरी मागवतं आणि इथल्या दुकानांना पुरवतं. सुती टॉवेलवर इथे पूर्वीपासून ९.१ टक्के ड्युटी आहे. ७ ऑगस्टला भारताच्या मालावर २५ टक्के चढले, २७ ऑगस्टला रशियाच्या तेलाचं कारण देऊन आणखी २५. बेरीज ५९.१. म्हणजे शंभर डॉलरचे टॉवेल बंदरात उतरले की आमची कंपनी अमेरिकी कस्टम्सला ५९ डॉलर १० सेंट भरते. ते कागद माझ्या टेबलावरून जातात. भरणाऱ्याच्या रकान्यात आमच्या कंपनीचं नाव असतं, तिथे सोलापूरच्या कोणाचं नाव मी अजून पाहिलेलं नाही. मग ते पैसे वसूल कसे होतात? थोडे कंपनी पोटात घालते, थोडे पलीकडच्या कारखानदाराला ‘भाव उतरवा, नाहीतर ऑर्डर रद्द’ म्हणून पिळून काढते (ते मेल मलाच लिहावे लागतात, आणि सोलापूरचा पत्ता असला की हात जड होतो), बाकीचे गिऱ्हाइकाच्या बिलात जातात.

हे खोटं वाटत असेल तर परवाचंच बघा. शुक्रवारी, १४ तारखेला, याच सरकारने कॉफी, चहा, केळी, मसाले, टोमॅटो, बीफ असल्या जिनसांवरचे हे नवे टॅरिफ काढून टाकले. का, तर महागाईने लोक वैतागलेत. त्याच्या दहा दिवस आधी आमच्या न्यू जर्सीत गव्हर्नरची निवडणूक झाली आणि ट्रम्पचा पक्ष चांगलाच आपटला. आता मला सांगा, टॅरिफ जर परदेशी लोक भरत होते, तर ते काढल्याने इथल्या केळ्यांचा भाव कसा उतरणार? वर्षभर तोंडाने एक सांगितलं आणि एका सहीने उलटं कबूल केलं. नाक्यावर असा कारकून सापडला असता तर तुम्ही त्याला उभा केला असतात.

टॅरिफने इथले बंद कारखाने परत सुरू होतील, हा तुमचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. गिरणी बंद पडल्यावर आजोबा कसे ओट्यावर बसून राहायचे ते मी तुमच्याकडूनच ऐकलंय. इथेही तेच झालं. नॉर्थ कॅरोलिनात कनापोलिस म्हणून गाव आहे. जवळजवळ शंभर वर्षं तिथे टॉवेल बनायचे. २००३ च्या जुलैत गिरणी बंद झाली आणि एका दिवसात हजारो माणसं घरी बसली. त्या माणसांकडे दोन्ही पक्षांनी पाठ फिरवली, आणि त्यांनी ट्रम्पला मत दिलं तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण या टॅरिफने कनापोलिसचा भोंगा पुन्हा वाजला का? नाही. सोलापूरची ऑर्डर सुटली की ती कॅरोलिनाला जात नाही. पाकिस्तानवर १९ टक्के, तुर्कस्तानवर १५. आमचा खरेदीवाला कॅल्क्युलेटर काढतो आणि कराचीला मेल टाकतो. सोलापूरचा माग थांबला आणि इथे एकही माग सुरू झाला नाही. मग फायदा झाला तो कोणाचा?

बरं, जास्त तर जास्त, पण दर एकदा ठरवून टाकला तरी धंदा त्यातून वाट काढतो. इथलं खरं दुखणं लहरीचं आहे. तुमच्या नाक्यावर भिंतीला दरपत्रक टांगलेलं असायचं. एखाद्या व्यापाऱ्याचं तोंड आवडलं नाही म्हणून तुम्ही त्याला दुप्पट लावू शकत नव्हता. इथे ते दरपत्रक एका माणसाच्या खिशात आहे. २ एप्रिलला त्याने व्हाइट हाउसच्या बागेत मोठा तक्ता धरून देशोदेशींचे दर वाचून दाखवले. ते काढले कसे, तर त्या देशाशी असलेली व्यापारातली तूट भागिले तिथून येणारा माल, आणि त्याचं निम्मं. झालं! पाचवीतलं पोरही यापेक्षा जास्त डोकं लावेल. फक्त पेंग्विन आणि सील राहतात त्या हर्ड आणि मॅकडोनल्ड बेटांवरसुद्धा १० टक्के लागले. आठवड्यात बाजार गडगडला तसे बहुतेक दर ९० दिवसांसाठी मागे घेतले. चीनवर मात्र चढवत चढवत १४५ पर्यंत नेले आणि मे महिन्यात ३० वर आणले. ब्राझीलवर ५०, कारण तिथल्या माजी राष्ट्राध्यक्षावर खटला चालवला. कॅनडातल्या एका प्रांताने टीव्हीवर न आवडणारी जाहिरात दाखवली, म्हणून गेल्या महिन्यात आणखी १० टक्क्यांची घोषणा. रशियाचं तेल चीन आपल्यापेक्षा जास्त घेतो, पण त्यासाठी दंड बसला तो आपल्याला.

हे वरून गमतीचं वाटतं, पण आमच्याकडे काय झालं ते ऐका. ६ ऑगस्टच्या हुकमात सवलत अशी होती, की २७ ऑगस्टच्या आधी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत इथे पोहोचलेला माल जादा २५ टक्क्यांतून सुटेल. हातात तीन आठवडे. न्हावा शेवाहून निघालेलं जहाज सध्या तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून येतं, त्याला महिन्याच्या वर लागतो. म्हणजे २० ऑगस्टला निघालेला कंटेनर सवलतीत बसणार कसा? हुकूम लिहिणाऱ्याने नकाशा उघडून बघितला होता की नाही, देव जाणे. आमचे दोन कंटेनर असे अधांतरी सापडले. मी रोज सकाळी चहाच्या आधी जहाज कुठवर आलं ते बघायची, परीक्षेचा निकाल बघावा तशी.

यावर आता सुप्रीम कोर्टात खटला चालू आहे. ५ तारखेला सुनावणी झाली. ज्या १९७७ च्या कायद्याचा आधार घेऊन हे सगळं लावलं, त्यात टॅरिफ हा शब्दच नाही, आणि कर बसवायचा अधिकार घटनेने काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला दिलेला आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण स्वतःच्या हातातला अधिकार काढून घेतला जात असताना ती संसद खाली मान घालून बसली, हे मला ट्रम्पपेक्षाही जास्त लागतं.

आणि आकडे अंगावर आले की आकडे काढणाऱ्यालाच घालवायचं. १ ऑगस्टला नोकऱ्यांचे आकडे आले. मे आणि जूनचे जुने आकडे मिळून २ लाख ५८ हजारांनी खाली आणावे लागले होते. त्याच दिवशी त्या खात्याच्या प्रमुख बाईंना काढून टाकलं, आकडे फिरवलेत असा आरोप करून, पुराव्याचा पत्ता नाही. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडायचा प्रकार.

जुलैतल्या मोठ्या कर-विधेयकाबद्दल तुम्ही विचारलं होतं. थोडक्यात सांगते: करसवलतीचा मोठा वाटा वरच्यांना आणि कात्री गरिबांच्या औषधपाण्याला. संसदेच्याच हिशेबनिसांच्या अंदाजाने दहा वर्षांत ३.४ लाख कोटी डॉलरची तूट वाढणार आणि एक कोटीच्या आसपास माणसांचा आरोग्य विमा जाणार. बाहेर पैसे पाठवण्यावर एक टक्का कर आहे, पण तो रोख रकमेवर. मी बँकेतून पाठवते त्याला तो लागत नाही, तेव्हा आईने औषधं अर्धी करू नयेत.

आई, तुला सप्टेंबरातली गोष्ट सांगितली नव्हती, तू काळजी करत बसतेस म्हणून. माझ्या ऑफिसातला एक मुलगा सर्वपित्रीला वडिलांचं श्राद्ध करायला पुण्याला गेला होता. १९ तारखेला, शुक्रवारी, इथे हुकूम निघाला की एच-वन-बी व्हिसाला एक लाख डॉलर फी, शनिवारी मध्यरात्रीपासून. मंत्री म्हणाले, दरवर्षी. कंपन्यांनी निरोप धाडले, बाहेर असाल तर ताबडतोब परत या. पोरगं श्राद्धाच्या आदल्या दिवशी टॅक्सी करून मुंबईला निघालं, तिकिटाला दुप्पट-तिप्पट मोजले. तो विमानतळावर रांगेत असताना व्हाइट हाउसचा खुलासा आला: फी एकदाच, तीही नव्या अर्जांना, जुन्यांना लागू नाही. अरे मग हे शुक्रवारीच लिहायला काय झालं होतं? तिथून पुण्याला परतायची हिंमत त्याला झाली नाही. पिंड काकांनी ठेवले.

तू म्हणशील, असलं लिहू नकोस गं, तिकडे पकडतात. म्हणूनच फेसबुकवर टाकत नाही, तुम्हालाच लिहिते. इथे येऊन सोळा वर्षं झाली; असं दबकून बोलायची वेळ पूर्वी आली नव्हती.

खर्चाची मंजुरी संसदेत अडली म्हणून सरकारी कामकाजाला लागलेलं टाळं परवा १२ तारखेला एकदाचं उघडलं, ४३ दिवसांनी. मधल्या काळात सव्वाचार कोटींच्या आसपास लोकांची रेशनच्या कार्डावरची मदत लटकली होती. कोर्टाने पूर्ण पैसे द्या म्हटलं, तर सरकार त्याविरुद्ध वरच्या कोर्टात गेलं. आमच्या मुलांच्या शाळेत दोन शनिवार धान्य गोळा केलं. मी तूरडाळ आणि तांदूळ नेले. तिथल्या बाईंनी डाळीचं पाकीट उलटंसुलटं करून विचारलं, हे शिजवायचं कसं? मी मागच्या बाजूला पेनाने लिहून दिलं.

आता पार्सलचं. आठशे डॉलरच्या आतल्या मालाची सूट २९ ऑगस्टपासून बंद झाली. भेटवस्तूंना शंभर डॉलरपर्यंत सूट होती, पण ड्युटी गोळा कोणी आणि कशी करायची हेच ठरलेलं नव्हतं, म्हणून विमान कंपन्या टपाल घेईनात आणि तुम्ही पोस्टाच्या खिडकीवरून दोनदा डबा घेऊन परत आलात. १५ ऑक्टोबरला सुरू झालं आणि दिवाळी होती वीसला. आई, तुझा डबा गेल्या गुरुवारी पोहोचला. चकल्यांचा चुरा झालाय, तो आम्ही चिवड्यात घालून खातोय. कडक भाकरी एकही मोडलेली नाही. शेंगाचटणीचं पाकीट फुटून सगळ्या डब्याला वास लागलाय, आणि मी तो डबा अजून धुतलेला नाही.

बाबा, मागच्या गल्लीतले माग सध्या किती पाळ्या चालतात ते कळवा. फोनवर नको, लिहून.

तुमची,
सुमा