एक्झॉस्ट बसवताना माझ्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न विचारता पोकळ केल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
एक्झॉस्ट व मोटार बदल विभाग,
पुणे.

विषय: ठरलेल्या कामाव्यतिरिक्त केलेली तोडफोड, निकृष्ट पाइप आणि मूळ भाग परत न देणे याबाबत.

संदर्भ: आपले अंदाजपत्रक, दि. ९ ते १२ नोव्हेंबरचे काम आणि त्यासंबंधीचे व्हॉट्सअॅप संदेश.

महोदय,

माझी २०१७ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस गाडी मी ९ नोव्हेंबर रोजी एक्झॉस्ट बसवण्यासाठी आपल्याकडे दिली आणि १२ तारखेला ताब्यात घेतली. या चार दिवसांत तिच्यावर जे काम झाले त्यातले काही मी सांगितलेलेच नव्हते, आणि जे सांगितले होते ते ठरल्याप्रमाणे झाले नाही. दोनदा समक्ष येऊन आणि फोनवर अनेकदा बोलूनही आपल्याकडून उत्तर मिळाले नाही, म्हणून हे लेखी कळवत आहे.

सगळा वाद काय ठरले होते यावरच असल्याने ते प्रथम लिहितो. मला फक्त कॅट-बॅक काम हवे होते, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या डब्याच्या मागचा पाइप, रेझोनेटर (आवाजातला घुमारा शमवणारा भाग) आणि मागचा सायलेन्सर एवढेच बदलायचे होते. कन्व्हर्टर आणि डाउनपाइप (इंजिनाकडून धूर खाली आणणारा पाइप) यांना हात लावायचा नाही, असे मी पहिल्याच संदेशात लिहिले होते आणि त्यावर आपल्या सल्लागारांनी ‘हो सर, पुढे काहीच करत नाही’ असे उत्तर दिले होते. पाइप ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा असेल, आवाज थोडा भारदस्त होईल पण मोठा होणार नाही, आणि जुना पाइप काढताना कापावा लागलाच तर एकाच जागी कापून सर्व मूळ भाग मला परत मिळतील, असेही ठरले होते. रेझोनेटरचा आग्रह मी धरला, कारण पहाटे साडेपाचला मला कामासाठी निघावे लागते आणि एरंडवण्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशीच रुग्णालय आहे. रुग्णालयापासून १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. तिथे झोपलेल्या रुग्णांना माझ्या हौसेचा त्रास व्हावा, असे मला कधीही वाटले नाही.

गाडी घरी आणली त्या संध्याकाळपासूनच आत उग्र वास येऊ लागला. चौथ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला. मी लगेच आपल्याकडे आलो, तेव्हा आपल्या तंत्रज्ञाने स्कॅनर लावून कोड पुसला आणि एक्झॉस्ट बदलल्यावर असा दिवा लागतोच, असे सांगून मला परत पाठवले. कोणता कोड आला होता, हे मी विचारूनही त्यांनी सांगितले नाही. पुढच्या आठवड्यात दिवा पुन्हा लागला आणि त्याच सुमारास पीयूसीची मुदत संपत होती. पीयूसी केंद्रावर गाडी नापास झाली. माझ्या बीएस-४ पेट्रोल गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के असताना यंत्राने १.१ टक्के दाखवले. याच गाडीचा मागचा पीयूसी कोणत्याही अडचणीशिवाय मिळाला होता.

त्यानंतर मी गाडी नाना पेठेतल्या एका जुन्या जाणत्या मेकॅनिककडे नेली. त्यांच्या स्कॅनरवर पी०४२० हा कोड आला. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या पातळीखाली गेली की हा कोड येतो. कन्व्हर्टरच्या पुढे आणि मागे एकेक ऑक्सिजन सेन्सर असतो. कन्व्हर्टर नीट काम करत असेल तर स्कॅनरवर मागच्या सेन्सरची रेषा जवळजवळ स्थिर राहते. माझ्या गाडीत मात्र मागचा सेन्सर पुढच्याच्या बरोबरीने वर-खाली होत होता. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा कन्व्हर्टरच्या अंगावर ग्राइंडरने कापल्याची आणि पुन्हा वेल्डिंग केल्याची ताजी रेघ मला स्वतःला दिसली. सेन्सर काढून त्या भोकातून कॅमेऱ्याची नळी आत घातली, तर आत काहीच नव्हते. मधमाशीच्या पोळ्यासारखी ती जाळी, जिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ मुलामा असतो, पूर्ण काढून टाकलेली होती आणि रिकामा डबा शिवून जागेवर बसवला होता. याचे फोटो आणि चित्रफीत पत्रासोबत जोडली आहे.

व्यवस्थापक महोदय, ही माझी मुख्य तक्रार आहे. गाडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे कमी घातक वायूंमध्ये रूपांतर करण्याचे काम हा एकच भाग करतो. तो मला न विचारता काढला गेला. काढलेल्या जाळीला भंगारातही चांगली किंमत मिळते, कारण तिच्यातले धातू मौल्यवान आहेत. ती जाळी माझी मालमत्ता होती आणि ती कुठे गेली, याचे उत्तर मला हवे आहे. ‘आवाज खुलावा म्हणून पोरांनी केले असेल’ हे आपल्या सल्लागारांचे फोनवरचे उत्तर मी स्वीकारू शकत नाही, कारण कापणे, आतले काढणे आणि पुन्हा वेल्डिंग करणे हे काम कुणाच्या नकळत होत नाही.

वासाचे कारणही त्याच वेळी सापडले. मधल्या फ्लँजवर, म्हणजे पाइपच्या जोडावर, नवे गॅस्केट (फट बंद करणारी चकती) न टाकता जुनेच चेपलेले बसवले होते आणि दोन बोल्टपैकी एक हाताने फिरत होता. तिथून धूर गाडीच्या तळाखाली पसरत होता. माझ्या आईला दमा आहे आणि त्या काळात मी तिला दोनदा तपासणीसाठी याच गाडीतून नेले. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे जो वास आम्हाला आला तो केवळ इशारा होता. हे लिहिताना मला अजूनही अस्वस्थ वाटते.

पाइपच्या प्रतीबद्दलही खरे सांगितले गेले नाही. ३०४ स्टेनलेसमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते आणि त्याला लोहचुंबक सहसा चिकटत नाही. वाकवलेल्या किंवा वेल्डिंग केलेल्या जागी ते किंचित ओढले जाऊ शकते, हे मला ठाऊक आहे, म्हणून मी मधल्या सरळ भागावर चार ठिकाणी ते लावून पाहिले. चारही ठिकाणी ते घट्ट चिकटले. तीन आठवड्यांत जोडांवर तांबेरा आला आहे. ज्या रेझोनेटरचे पैसे घेतले तो बसवलेलाच नाही, त्याच्या जागी सरळ पाइप आहे. परिणामी द्रुतगती महामार्गावर ताशी १०० च्या वेगाला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला सुमारे २१०० फेऱ्यांवर, गाडीत असे घुमते की शेजारच्याशी बोलता येत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात, त्यामुळे या गतीला सेकंदाला ७० ठोके पडतात आणि नेमका तो खर्ज बंद केबिनमध्ये भरून राहतो. तो शमवण्यासाठीच रेझोनेटर असतो, आणि हे आपल्याच सल्लागारांनी मला पहिल्या भेटीत समजावून सांगितले होते.

कायद्याविषयीही लिहिणे भाग आहे. काम देण्यापूर्वी मी ‘हे आरटीओच्या नियमात बसते का’ असे लेखी विचारले होते आणि ‘शंभर टक्के बसते’ असे उत्तर मिळाले होते. त्यावर विसंबून मी स्वतः चौकशी केली नाही, ही माझी चूक मी मान्य करतो. परंतु मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८२-अ(४) प्रमाणे परवानगी नसलेले फेरफार केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड गाडीच्या मालकाला होऊ शकतो, आणि ध्वनी व वायुप्रदूषणाची मानके मोडणारी गाडी चालवल्यास कलम १९०(२) प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना अपात्र, अशी तरतूद आहे. आपल्या उत्तरामुळे हा धोका माझ्या माथी आला. गेले तीन आठवडे गाडी सोसायटीच्या आवारात झाकून उभी आहे आणि मी रिक्षाने कामावर जातो.

एकूण १,४५,००० रुपये मी भरले. त्याबदल्यात मिळालेल्या पावतीवर फक्त ‘मजुरी १२,०००’ एवढेच लिहिले आहे. उरलेल्या रकमेची पावती दोनदा मागूनही मिळाली नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार विकलेल्या वस्तूचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ठरलेल्यापेक्षा कमी प्रतीची सेवा देणे ही सेवेतील त्रुटी आहे.

माझी मागणी अशी की माझ्या गाडीला मूळ प्रतीचा नवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर डाउनपाइपसह आपल्या खर्चाने, पण मी निवडलेल्या वर्कशॉपमध्ये बसवून द्यावा. माझा मूळ सायलेन्सर आणि मधला पाइप आहे त्या स्थितीत परत करावा आणि तो पुन्हा बसवण्याचा खर्च द्यावा. आपला पाइप मी परत करीन, त्याची पूर्ण रक्कम मला मिळावी. हे काम पुन्हा आपल्याकडे करून घेण्यास मी तयार नाही, म्हणून ‘गाडी घेऊन या, बघून घेऊ’ असा निरोप कृपया पाठवू नये.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन आणि कन्व्हर्टर काढल्याबद्दल पोलिसांत स्वतंत्र अर्ज देईन. सर्व संदेश, पीयूसी केंद्राचा अहवाल, स्कॅनरच्या नोंदी आणि चित्रफिती माझ्याकडे जपून ठेवल्या आहेत.

आपला,
(सही)
तक्रारदार ग्राहक
एरंडवणे, पुणे

सोबत: अंदाजपत्रकाची प्रत, पावतीची प्रत, संदेशांच्या प्रती, पीयूसी अहवाल, फोटो व चित्रफीत.