मुलांना दहावीतही मैदानावर राहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू झाल्या की आमच्या गोव्यातल्या डिचोली भागात दरवर्षी एक गोष्ट घडते आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. नववीपर्यंत रोज संध्याकाळी मैदानावर दिसणारी मुले दहावीत गेली की येईनाशी होतात. आधी आठवड्यातून दोनदा येतात, मग फक्त रविवारी, आणि गणेश चतुर्थी उलटली की त्यांचे बूट माळ्यावर जातात. क्रीडाशिक्षक म्हणून नोकरीची सगळी वर्षे मी हे पाहिले. निवृत्तीनंतर गावातल्या मुलांना फुटबॉल शिकवतो, तिथेही तेच पाहतो आहे. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना आणि काही पालकांना एकत्र बसवून ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट पाहिला. त्यानंतर पालकांशी जे बोलणे झाले, त्यातून हे पत्र लिहावेसे वाटले.

अमित शर्मा यांचा हा चित्रपट 2024 मध्ये आला. अजय देवगण त्यात भारताचे फुटबॉल प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या भूमिकेत आहे. चित्रपटगृहांत तो फारसा चालला नाही. लांबी तीन तासांची आहे आणि मत्सरी पत्रकार, आडमुठे पदाधिकारी ही पात्रे जरा जास्तच रंगवली आहेत असे माझे मत आहे. रहीमसाहेबांच्या आयुष्याला त्या मसाल्याची गरज नव्हती. पण शेवटच्या सामन्याचे चित्रण सुरू झाले तेव्हा आमची मुले खुर्च्यांच्या कडेवर येऊन बसली होती आणि निकाल ठाऊक असलेला मीही त्यांच्यातच होतो.

चित्रपट संपल्यावर एक पालक म्हणाले, “सर, देवाच्या मनात होते म्हणून जिंकले.” मी श्रद्धाळू माणूस आहे. आमच्या गावात देवाचा प्रसाद घेतल्याशिवाय मोठे काम सुरू होत नाही आणि सामन्याला निघताना देवळासमोर हात जोडणाऱ्या किंवा खुरसाकडे (क्रुसाकडे) क्षणभर थांबणाऱ्या मुलांना मी नेहमीच प्रोत्साहन दिले. तरीही त्या पालकांना मी एवढेच विचारले की पहिला सामना हरले तेव्हा देवाच्या मनात काय होते?

कारण 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची खरी गोष्ट पराभवापासून सुरू होते. भारताचा पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी झाला आणि तो आपण 0-2 असा हरलो. आज असे झाले तर दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक बदला, अमक्याला काढा, तमक्याला घ्या अशी ओरड सुरू होईल. रहीमसाहेबांनी तोच संघ घेऊन पुढची वाट शोधली. थायलंडला 4-1 आणि जपानला 2-0 असे हरवले. थायलंडच्या सामन्यात बचावपटू जर्नेल सिंगचे डोके फुटले, टाके पडले. बचावात उभा राहून पुन्हा पुन्हा हेडिंग करणे त्याला शक्य नव्हते. रहीमसाहेबांनी त्याला घरी बसवले नाही. कॉलेजच्या दिवसांत तो आघाडीला खेळलेला आहे हे त्यांच्या लक्षात होते. त्यांनी त्याला सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा उपान्त्य सामना आपण 3-2 असा जिंकला, त्यात जर्नेलचा एक गोल होता.

मग 4 सप्टेंबर. समोर पुन्हा तेच दक्षिण कोरिया. गोलरक्षक पीटर थंगराज तापातून उठला होता, आधीच्या सामन्यांत त्याच्या जागी प्रद्युत बर्मन खेळला होता. कोरियाचे खेळाडू उंच चेंडू टाकतात आणि थंगराज उंच आहे, म्हणून अंतिम सामन्यात रहीमसाहेबांनी त्याच्यावर भिस्त ठेवली. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत येऊ दिले नाही, यावर भारतीय क्रीडा पदाधिकाऱ्याने आक्षेप घेतल्यामुळे यजमान इंडोनेशियाचे लोक भारतावर चिडलेले होते. सुमारे एक लाख प्रेक्षकांचे ते स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत होते. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला आणि विसाव्या मिनिटाला जर्नेल सिंगने. कोरियाने एक गोल परत केला तो अगदी शेवटी. भारत 2-1 ने जिंकला. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण भारताला त्यानंतर आजतागायत मिळालेले नाही.

या सगळ्या काळात रहीमसाहेबांना फुप्फुसाचा कर्करोग होता. जून 1963 मध्ये, म्हणजे त्या विजयानंतर वर्षही पूर्ण होण्याआधी, ते गेले. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी खेळाडूंकडे भेट म्हणून ते सुवर्णपदक मागितले होते, अशी आठवण त्या संघातल्या खेळाडूंनी पुढे सांगितली आहे. माझ्या मते या गोष्टीतली श्रद्धा इथे आहे. आपल्याला फार दिवस उरलेले नाहीत हे कळूनही तो माणूस रोज सकाळी सरावाला उभा राहत होता, आणि 0-2 ने हरलेल्या मुलांकडे पाहून हेच जिंकतील असे मानत होता. देवावर श्रद्धा असलेल्या माणसाला हे कळायला अवघड जाऊ नये. आपण वारीला किंवा जत्रेला जातो तेव्हा पहिल्याच वर्षी फळ मिळाले नाही म्हणून पुढच्या वर्षी जायचे थांबवत नाही.

रहीमसाहेब मुळात हैदराबादचे शाळाशिक्षक होते, हे मला फार मोलाचे वाटते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांच्याच संघाने युगोस्लाव्हियाकडून 1-10 असा मार खाल्ला होता. आपले बरेचसे खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. त्यानंतर बूट आले, सरावाची पद्धत बदलली, आणि चारच वर्षांनी 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. त्या संघाचे प्रशिक्षकही रहीमसाहेबच. तिथे ऑस्ट्रेलियाला 4-2 ने हरवताना नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. मुंबईत वाढलेल्या या नेव्हिलचे मूळ गोव्यातले.

आणि जकार्तातल्या त्या सुवर्णविजेत्या संघातही आपला माणूस होता. फोर्तुनातो फ्रँको, बार्देशातल्या कोलवाळचा. चित्रपटात त्याचे नाव आले तेव्हा मी मुलांना सांगितले, तर एक मुलगा खुर्चीवरून उठूनच म्हणाला, “सर, आमचो कोलवाळचो?” त्या मुलाला पेले आणि मेस्सीची सगळी माहिती पाठ आहे. आपल्यापासून अर्ध्या तासावरच्या गावातला माणूस आशियाई सुवर्णविजेता होता, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. फ्रँको मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळला, हाफबॅक म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू म्हणून नावाजला. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि नऊ महिने व्हायच्या आत एक गोंयकार भारताचा शर्ट घालून जकार्तात पदक घेत होता. मे 2021 मध्ये गोव्यातच त्याचे निधन झाले. कोविडच्या त्या भयंकर दिवसांत बातमी आली आणि विरली.

त्या संघात आणखी कोण होते ते मी मुलांना मुद्दाम सांगितले. फाळणीची होरपळ सोसून आलेला जर्नेल सिंग, सिकंदराबादजवळच्या गरीब घरातला तुलसीदास बलराम, बंगालचे चुनी गोस्वामी आणि पी. के., गोरखा राम बहादूर, तमिळ ख्रिस्ती थंगराज. आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारा हैदराबादचा मुसलमान शिक्षक. कोण कुठल्या देवाला हात जोडत होता हे कोणी विचारत नव्हते आणि कोणी आपला देव सोडलाही नव्हता. आमच्या मैदानावरही शिमग्याला हजर असणारी आणि चर्चच्या फेस्ताला हजर असणारी मुले एकाच संघात असतात. त्यांना हे समजावून सांगावे लागले नाही.

आता मुद्द्यावर येतो. चिकाटी एकट्या खेळाडूने दाखवायची, ही आपली समजूत आहे. गोव्याचाच अनुभव पाहा. संतोष करंडक या राज्यांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 1978-79 मध्ये गोवा बंगालकडून हरला. 1982-83 मध्ये कोलकात्यात बंगालशी बरोबरी होऊन संयुक्त विजेतेपद मिळाले, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी मद्रासमध्ये पंजाबला हरवून गोवा पहिल्यांदा एकटा विजेता झाला. गोलपोस्टमध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर उभे होते. आमच्या पिढीने तो विजय रेडिओ आणि वर्तमानपत्रांतून अनुभवला. त्या मुलांना 1979 नंतर घरी पाठवले असते तर? गोव्याच्या धेंपो फुटबॉल क्लबने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, ते पाचही वेळा आर्मांदो कुलासो यांच्याच मार्गदर्शनाखाली. क्लबने त्यांच्यावर वर्षानुवर्षे विश्वास ठेवला आणि त्यांनी समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स यांच्यासारख्या खेळाडूंवर. यशामागे असा धीर धरून थांबणारा कोणीतरी लागतो, आणि लहान मुलाच्या बाबतीत तो कोणीतरी म्हणजे पालक आणि शाळा.

गोवा बोर्ड खेळाडूंना दहावी-बारावीत क्रीडागुण देते. ही चांगली सोय आहे, पण तिचाही एक उलटा परिणाम मला दिसतो. काही घरांत मुलगा गुणांपुरताच खेळतो. प्रमाणपत्र मिळाले, गुण जमा झाले, की खेळ संपला. खेळणे हे त्या मुलाचे आवडीचे काम होते, ते आता परीक्षेचा एक पेपर झाले. याउलट ज्याला प्रमाणपत्राची पातळी गाठता आली नाही, त्याला तर घरातले लगेच सांगतात, “तुला काही जमत नाही, आता अभ्यासाला लाग.” एका आंतरशालेय स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल हा निर्णय होतो. जकार्तातल्या संघाला हा न्याय लावला असता तर त्यांना पहिल्या सामन्यानंतर विमानात बसवावे लागले असते.

अभ्यास महत्त्वाचा आहे, हे शिक्षक असलेल्या मला कोणी सांगायची गरज नाही. माझे पालकांना एवढेच म्हणणे आहे की दहावीच्या वर्षातही मुलाला संध्याकाळचा एक तास मैदानावर असू द्या. त्या तासाने टक्के घसरलेले मी पाहिलेले नाहीत. दिवसभर शाळा आणि मग शिकवणी करून सुन्न झालेली मुले मात्र पुष्कळ पाहिली आहेत. मुलींच्या बाबतीत तर हा तास दहावीच्याही आधी, सातवी-आठवीतच काढून घेतला जातो, आणि त्याचे कारण अभ्यास हे नसते. भक्ती कुलकर्णीसारखी गोव्याची मुलगी बुद्धिबळात अर्जुन पुरस्कारापर्यंत गेली, तेव्हा आपण सगळ्यांनी तिचे अभिनंदन केले. आपल्या घरातल्या मुलीला खेळायला पाठवताना मात्र दिवेलागणीचे कारण पुढे येते. ज्या मैदानांवर दिवे नाहीत तिथे पंचायतींनी दिवे लावावेत, आणि एखाद्या आईने किंवा ताईने तिथे तासभर बसावे. आमच्या गावात दोन आया आळीपाळीने बसतात, त्यामुळे मुलींचा संघ टिकून आहे.

शाळांच्या व्यवस्थापनांना विनंती आहे की वर्षातून एकदा हा चित्रपट किंवा असा दुसरा चांगला क्रीडापट मुलांना पालकांसह दाखवावा आणि नंतर अर्धा तास बोलणे ठेवावे. ते बोलणे झाले नाही तर मुले फक्त गोल लक्षात ठेवतात. चित्रपटात दिसणारी गोष्ट आणि प्रत्यक्ष घडलेली गोष्ट यांतला फरकही तेव्हाच सांगता येतो. आपल्या दैनिकाच्या क्रीडापानावर फोर्तुनातो फ्रँको यांच्याविषयी सविस्तर लेख यावा अशीही विनंती करतो. त्यांच्यासोबत किंवा त्यांच्याविरुद्ध खेळलेली जी वडीलधारी माणसे आज गोव्यात असतील, त्यांच्या आठवणी आताच नोंदवून ठेवल्या पाहिजेत. आणि कोलवाळच्या परिसरातल्या शाळांत त्यांचा फोटो आणि चार ओळींची माहिती लागली, तर त्याला फार खर्च येणार नाही.

येत्या पावसाळ्यात मैदाने भिजलेली असताना सराव बंदच असतो. त्या दिवसांत डिचोली आणि सत्तरीतल्या ज्या शाळांना असा कार्यक्रम करायचा असेल त्यांनी कळवावे. चित्रपटानंतर मुलांशी आणि पालकांशी बोलायला मी स्वतः येईन. मानधन नको.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
डिचोली, गोवा